कथांची खतावणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या सुताच्या दुकानात नव्या वह्यांची पूजा व्हायची. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, वर ‘श्री’, खाली माझ्या अक्षरात तारीख. सोलापूरच्या साखर पेठेतल्या त्या गादीवर मी एकतीस वर्षं दिवाणजी होतो. कुठल्या मागवाल्यानं दहा नंबरच्या सुताचे किती गठ्ठे नेले, रोख किती, उधार किती, टॉवेल विकले की देतो म्हणून कोण किती वेळा रिकाम्या हातानं आला, सगळं वहीत. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, “यांच्या वहीवर माशी बसली तर तिचीपण नोंद होते.”

आणि याच माणसानं एकच कथा दोन दिवाळी अंकांना दिली.

गोष्ट २००३ची. मे महिन्यात मुंबईच्या एका अंकाकडे कथा पाठवली. जुलै संपला तरी होय नाही की नाही नाही. पसंत पडली नसेल असं मीच ठरवून टाकलं. कथेचं नाव बदललं, सुरुवातीचा परिच्छेद उचलून शेवटाकडे नेला आणि ती पुण्याच्या एका अंकाकडे रवाना केली. पहिल्या ठिकाणी कधी पाठवली, त्यांना नकार कळवायला सांगितला होता का, यातलं काहीही लिहून ठेवलेलं नव्हतं. अगदी विसरलो होतो असं म्हणणार नाही. पण वहीत नसलेली उधारी माणूस सोयीनं विसरतो, हे मला दुकानात रोज दिसत होतं.

दिवाळीच्या आधी स्टेशनवरच्या स्टॉलवर दोन्ही अंक शेजारी शेजारी टांगलेले. दोन्हींत माझं नाव. त्या रात्री घरी मीच मोठ्यानं वाचून दाखवायला बसलो. दुसऱ्या अंकातलं दुसरं पान उलटेपर्यंत बायको शेंगा निवडत ऐकत होती. मग हात थांबवून म्हणाली, “अहो, ही तर त्यातलीच की.” तिला कळलं तर संपादकांना कळायला किती वेळ लागणार? तुळशीच्या लग्नाआधी पुण्याहून पोस्टकार्ड आलं. तीनच ओळी. चित्रकाराकडून खास चित्र काढून घेऊन सात पानं दिली होती. आपली कथा अन्यत्रही आली आहे. यापुढे आपण साहित्य पाठवू नये. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मानधनाचे चारशे रुपये मी मनीऑर्डरनं परत केले. ती पावती अजून आहे, पुढं सांगतो कुठं.

नव्यानं लिहिणाऱ्यांना दिवाळी अंकाचं वेळापत्रक कोणी समजावून सांगत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा सुगीचा हंगाम दिवाळी. पण सुगी दिवाळीत असली तरी पेरा उन्हाळ्यात. संपादक मे-जूनपासून मजकूर गोळा करायला लागतात. गणपती बसेपर्यंत बहुतेक पानं ठरलेली असतात. मग चित्रं, जाहिराती, मुद्रितं आणि छपाई. गणपतीत सुचलेली कथा गणपतीत पाठवणारा माणूस पुढच्या वर्षीच्या ढिगात जातो. मी अशी पाच वर्षं घालवली.

उत्तर आलं नाही तर काय करायचं? दोन महिने थांबा. मग दोन ओळींचं पत्र: अमुक तारखेला अमुक कथा पाठवली होती, निर्णय कळवावा. आणखी पंधरा दिवस जाऊ द्या. तरी शांतता असेल तर दुसरं पत्र: कथा मी मागे घेत आहे. ते गेल्यावरच दुसरीकडे पाठवा. माझी सगळी नाचक्की त्या काळी पन्नास पैशांच्या दोन पोस्टकार्डांत टळली असती.

‘सत्यकथा’वाल्यांना लोक गर्विष्ठ म्हणायचे, त्या मासिकाची होळीसुद्धा झाली. पण तिथले संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत करताना ती कुठं लंगडते ते कळवायचे, पुन्हा लिहायला लावायचे. मासिक १९८२ साली बंद पडलं. आज ‘साभार परत’ एवढं तरी कुणी कळवलं तर मी त्याला सभ्य माणूस समजतो. सांगायचा मुद्दा, मौन म्हणजे नकार नव्हे. संपादकाच्या टेबलावर कागद बरेच असतात.

पोस्टकार्डानंतर मी दीड वर्ष काही पाठवलं नाही. लाज वाटत होती आणि चुळबुळही होत होती. अशा वेळी माणूस हमखास सापडतो, तसा मी एका प्रकाशकाला सापडलो. कथा वाचायच्या आधीच ‘तुमच्यात दम आहे’ म्हणाला, तिथंच मी ओळखायला हवं होतं. सूत हातात न घेता भाव सांगणाऱ्याला मी दुकानात उभं केलं नसतं. कथासंग्रहासाठी पतसंस्थेतून चौदा हजार काढले. पाचशे प्रती ठरल्या होत्या, आल्या तीनशे. करार नाही, पावती नाही. पुस्तक कुठल्याही दुकानात गेलं नाही, आमच्या माळ्यावर गेलं. भाच्याच्या मुंजीत, शेजारच्या बारशात, जिथं जाईन तिथं आहेर म्हणून पुस्तक. नातेवाईक मला बोलवायला बिचकायला लागले.

२००६ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं. मी पिशवीत चाळीस प्रती घेऊन हजर. दिसेल त्या नावाजलेल्या लेखकाच्या हातात एक प्रत, ‘अभिप्राय कळवावा’. दुसऱ्या दिवशी मंडपात माझं एक पुस्तक दिसलं. डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली होतं. ते काढून घेतलं असतं तर खुर्चीवरचे आजोबा पडले असते, म्हणून राहू दिलं.

खरा चटका त्यानंतर बसला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ हस्तलिखित तपासून घेतं आणि निवड झाली तर पुस्तक निघण्यासाठी अनुदान देतं. पण ती पहिल्या पुस्तकासाठी. माझं पहिलं पुस्तक माळ्यावर होतं. घाईचे चौदा हजार गेलेच, वर ही वाटही मीच बुजवली. तुमचं पहिलं पुस्तक अजून व्हायचं असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा. स्पर्धा, ‘प्रातिनिधिक संग्रह’, ‘राज्यस्तरीय पुरस्कार’ यांसाठी कुणी आधी पैसे मागत असेल तर तिथं लेखक नव्हे, गिऱ्हाईक हवं आहे असं समजा. १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूनं आहे: लेखी दिल्याशिवाय तुमचा हक्क दुसऱ्याकडे जात नाही, आणि कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर हक्क दिलेला असतो पाचच वर्षांसाठी. सही करण्यापूर्वी प्रतींचा आकडा, मानधन आणि मुदत, तिन्ही कागदावर आहेत का ते बघा.

त्याच संमेलनानं एक चांगलंही केलं. अध्यक्ष होते मारुती चितमपल्ली, १९३२ साली सोलापुरातच जन्मलेले. वनखात्यातल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत ते नोंदी करत राहिले. जंगलातल्या माणसांच्या तोंडचे शब्द, पक्ष्यांची नावं, सवयी. पुस्तकं नंतर त्या डायऱ्यांतून आली. त्यांची ओळख कथाकाराची नव्हती, तरी मला लागू पडलं ते हेच. तोवरच्या माझ्या कथांतली माणसं पुण्याच्या वाड्यात राहायची, तुळशीवृंदावनाला पाणी घालायची आणि दुःख झालं की कॉफी प्यायची. मी त्या वाड्यात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. इकडं माझ्यासमोर दिवसभर मागवाले, गाठी उचलणारे हमाल, तेलुगू-मराठी-कन्नड एकाच वाक्यात बोलणाऱ्या विडी वळणाऱ्या बायका. एकदा एक मागवाला उधारी मागायला आला आणि उंबऱ्यावरच म्हणाला, “माग चालू हाय मालक, घर बंद हाय.” मी उधारीची नोंद केली. ते वाक्य मात्र हवेत गेलं. चार वर्षांनी आठवलं तेव्हा त्याचं नाव आठवेना. आता खिशात छोटी वही असते. ऐकलेलं ऐकल्या तासाला उतरवायचं, तेही त्याच्याच बोलीत, सुधारून नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आली. आमचा सांगोला त्या माणदेशातलाच, म्हणजे माझ्यापासून दोन तासांवर, आणि मी बसलो होतो पुण्याच्या कॉफीत!

रोज लिहिण्याबद्दल उपदेश करायचा मला अधिकार नाही. सोलापुरात नळाला पाणी कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड यायचं, माझं लिहिणंही तसंच: आलं की सगळी भांडी भरून ठेवायची धांदल, मग कोरड. आता पहाटे पाऊण तास बसतो. बहुतेक दिवशी अर्धं पानही होत नाही. पूर्ण झालेली कथा महिनाभर ट्रंकेत जाते, नंतर बाहेर काढून मोठ्यानं वाचतो. द. मा. मिरासदार आमच्या जिल्ह्यातले, अकलूजचे. शंकर पाटील आणि माडगूळकरांबरोबर ते गावोगाव कथाकथन करत फिरले. ऐकणारा कुठं चुळबुळतो ते त्यांना समोर दिसायचं. माझ्यापुढं बायको असते. ती शेंगा निवडायला लागली की तो परिच्छेद मी काढतो.

कुठं पाठवायचं हे ठरवायला हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी बसून त्या अंकाची मागची दोन-तीन वर्षं वाचावीत. वर्षभर निघणारी ‘साधना’, ‘अनुष्टुभ’, ‘युगवाणी’ यांच्याकडेही पाहावं, दिवाळीवरच सगळा भार टाकू नये. कथेला कोण विचारतं, असं प्रकाशक म्हणतात. २०१२ला जयंत पवार, २०१६ला आसाराम लोमटे, २०२१ला किरण गुरव. दहा वर्षांत तीन वेळा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार कथासंग्रहाला गेलेला आहे.

माझी कथांची खतावणी २००६च्या लक्ष्मीपूजनाला सुरू झाली. दुकानासाठी आणलेल्या वह्यांतली एक मालकांनी दिली, पूजाही तिथंच झाली. पहिल्या पानावर ती मनीऑर्डरची पावती चिकटवलेली आहे. प्रत्येक अंकाला एक पान: कथा, पाठवल्याची तारीख, आठवण दिल्याची तारीख, निकाल, मानधन. यंदा आतापर्यंत नऊ नोंदी झाल्या. पाच साभार परत, दोन स्वीकारल्या, एक मी मागे घेतली. नववी १२ जूनला पाठवली आहे, १२ ऑगस्टला पत्र टाकायचं आहे. पुण्याच्या त्या अंकाचं पानही वहीत आखून ठेवलं आहे. त्यावर अजून एकही नोंद नाही.