बंदर दारात, पण माल वेळेवर जातो का?

कर्जत किंवा खालापूरच्या व्यापाऱ्याला विचारा, तुमचा माल परदेशी कोठून जातो? तो लगेच सांगेल, "न्हावा-शेवाहून. बंदर तर आपल्या दारातच आहे." गोष्ट खरी आहे. खोपोलीहून हे बंदर साठेक किलोमीटरवर, तर लुधियानाच्या होजिअरीवाल्याला समुद्र हजारावर किलोमीटर दूर. मग आपला माल त्याच्यापेक्षा नेहमी स्वस्तात आणि वेळेवर जायला हवा. पण तसे होतेच असे नाही. असे का, हे समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

पनवेल बंदराचा धडा

याचे उत्तर आपल्याच भागाच्या इतिहासात आहे. पूर्वी दख्खनचा कापूस बैलांच्या पाठीवरून बोरघाट उतरत असे. १८३० साली घाटात गाडीरस्ता झाला. माल खोपोलीहून पनवेलच्या बंदरावर येई आणि तेथून गलबतांतून मुंबईला जाई. १८५६ साली रेल्वे पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली ती बोरघाट चढली. मग घाटावरचा माल डब्यात भरला की थेट मुंबईतच उतरू लागला. पनवेलची खाडी तीच होती, खलाशीही तेच होते. मालाची वाट तेवढी बदलली आणि बंदराची रया गेली. म्हणजे बंदराचे नशीब पाण्यापेक्षा जमिनीवर ठरते.

पेटीचा जमाना

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' जहाजाने ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. त्याआधी प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते हमाल वेगळे उचलत. आता कारखान्यात बंद केलेली पेटी गिऱ्हाइकाच्या दारात उघडते. बंदर हा वाटेतला एक थांबा झाला. त्यामुळे दिल्लीचा व्यापारी मुंबईला बांधलेला राहिला नाही. जेथून खर्च व वेळ कमी, तेथे त्याची पेटी जाते.

न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. १९९९ साली तेथे खासगी टर्मिनल आले आणि एकाच बंदरात चढाओढ लागली. तिकडे गुजरातेत १९९८ साली मुंद्रा आणि पिपावाव ही खासगी बंदरे पुढे आली. त्यांच्यामागे सपाट मुलूख आहे. २००६ साली पिपावाव ते जयपूर पेट्यांची दुमजली रेल्वेगाडी धावली. एका गाडीत जवळजवळ दुप्पट माल गेला की भाडे उतरणारच.

न्हावा-शेवाच्या गाडीला मात्र उत्तरेकडे जाताना मुंबईच्या उपनगरी गर्दीतून वाट काढावी लागते. पुण्याकडे जाताना बोरघाटाचा ३७ फुटांत एक फूट असा चढ आहे. कर्जत स्टेशनात गाडीला मागून लावली जाणारी जादा इंजिने आपण रोज पाहतो. ती त्या चढाचीच किंमत आहे. २०२०-२१ साली मुंद्राने वीस फुटी मापाच्या सुमारे ५६ लाख पेट्या हाताळल्या, तर न्हावा-शेवाने सुमारे ४७ लाख. जुन्या बंदराला नव्याने मागे टाकले, त्यात जमिनीवरच्या वाटेचा मोठा वाटा होता.

माझी चूक

आता घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी सोलापुरी टॉवेलांची एक पेटी मला दुबईला पाठवायची होती. रमजानच्या बाजारासाठी मागणी होती. माल खोपोलीच्या गोदामात पेटीत भरायचा होता. बंदर जवळ आहे म्हणून मी शेवटच्या दिवसावर भरवसा ठेवला. सोलापूरचा ट्रक घाटात वाहतूक कोंडीत अडकला. पेटी संध्याकाळी भरली, मग वजनाची चिठ्ठी राहिली. पेटी बंदराच्या फाटकावर पोहोचली तेव्हा त्या जहाजाचा माल घेण्याची मुदत संपली होती. पेटी पुढच्या जहाजाने गेली. हंगाम हुकला, गिऱ्हाइकाने भाव कापला आणि जादा दिवसांचे भाडे मला भरावे लागले. साठ किलोमीटरांच्या भरवशावर मी नफा घालवला. दोष माझाच होता.

हिशेब असा करा

१. अंतर किलोमीटरांत मोजू नका, तासांत मोजा. जहाज सुटण्याची वेळ विचारू नका. फाटकावर पेटी घेण्याची शेवटची वेळ विचारा आणि त्याआधी एक पूर्ण दिवस हाती ठेवा.

२. समुद्राचे भाडे हा खर्चाचा एक भाग झाला. ट्रक, रिकामी पेटी आणणे, टर्मिनलचा आकार, एजंट, सर्व एका कागदावर मांडा आणि मगच दोन बंदरांची तुलना करा.

३. पेटी फुकट किती दिवस मिळते, हे सौद्याआधी लेखी घ्या. बंदरात पडून राहिल्याचे भाडे वेगळे आणि पेटी आपल्याकडे अडकल्याचे भाडे वेगळे.

४. जुलै २०१६ पासून भरलेल्या पेटीचे प्रमाणित वजन दिल्याशिवाय ती जहाजावर चढत नाही. हा कागद आधी तयार ठेवा.

५. खोपोलीच्या कारखान्यात आयात माल उतरला की रिकामी पेटी परत जाते आणि कर्जतचा निर्यातदार दुसरी रिकामी पेटी बंदराकडून मागवतो. जहाज कंपनीने परवानगी दिली तर तीच पेटी वापरता येते आणि एक फेरी वाचते.

६. पेटी भरेल इतका माल नसेल तर दोन-चार कारागिरांनी मिळून एक पेटी घ्यावी. कोणाचा माल किती आणि खर्च कोणाचा किती, हे आधी लिहून ठेवावे. लिहिलेल्या व्यवहारात तंटा कमी होतो.

पुढे काय?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तेथे सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली आहे. उद्या फार मोठी जहाजे तिकडे लागली तर आपल्या पेटीलाही तिकडची वाट धरावी लागेल. तेव्हा "आमचे बंदर जवळ" हे बोलणे कामाचे राहणार नाही. पनवेलच्या गलबतवाल्यांना रेल्वे येताना दिसत होती, पण तिची वाट वळवणे त्यांच्या हातात नव्हते. आपल्या हातात निदान कागद, पेन्सिल आणि घड्याळ आहे. त्यांचा उपयोग पुढच्या पेटीपासूनच सुरू करावा.