प्लेटलेटची पिशवी आणि अंगावर उठणारे पित्त

पावसाळा सरत आला की डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि दवाखान्यात एकच प्रश्न ऐकू येतो, "डॉक्टर, प्लेटलेट किती झाल्या?" आकडा एक लाखाच्या खाली गेला की नातेवाइकांचा धीर सुटतो आणि ‘पिशवी लावून टाका’ असा आग्रह सुरू होतो. पिशवी लावल्यावर मात्र कधी कधी थोड्याच वेळात रुग्णाच्या अंगाला खाज सुटते, लाल गांधी उठतात आणि सगळ्यांची धावपळ होते. असे का होते व ते टाळण्यासाठी काय करावे, ते आज पाहू.

वावडे कशाचे?

प्लेटलेट म्हणजे रक्तबिंबिका. रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या या सूक्ष्म पेशी निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख असतात. पिशवीत नुसत्या प्लेटलेट नसतात. रक्तदात्याच्या रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, त्या तरंगत असतात. या द्रवातील परकी प्रथिने काहींच्या शरीराला मानवत नाहीत. कोळंबी खाल्ली की एखाद्याला पित्त उठते, त्यातलाच हा प्रकार. तांबड्या पेशींच्या पिशवीत प्लाझ्मा थोडा असतो, म्हणून तेथे हा त्रास कमी दिसतो.

रक्तगट जुळला म्हणजे वावडे येणार नाही, हा गैरसमज आहे. सख्ख्या भावाचे रक्त असले तरी वावडे येऊ शकते.

पहिला उपाय : गरज नसेल तर नको

जी पिशवी लावलीच नाही, तिचे वावडे येणार नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सिंगापूर व मलेशियातील ३७२ प्रौढ डेंग्यू रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सर्वांच्या प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी होत्या, पण विशेष रक्तस्राव नव्हता. निम्म्यांना प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला, असे दिसले नाही. उलट पित्त उठणे, खाज यांसारख्या त्रासाच्या घटना प्लेटलेट दिलेल्या गटात १३, तर दुसऱ्या गटात २ झाल्या. आपल्याकडील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात की, रक्तस्राव नसेल तर आकडा दहा हजारांखाली गेल्यावरच प्लेटलेटचा विचार करावा. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी. तेथे डॉक्टरांनी सांगितल्यावर उशीर करू नये.

पूर्वीचा त्रास सांगा

रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात प्लेटलेट वारंवार द्याव्या लागतात. तेथे त्या टाळता येत नाहीत. अशा रुग्णाला पूर्वी रक्त, प्लाझ्मा किंवा प्लेटलेट घेताना त्रास झाला असेल, तर तो नव्या डॉक्टरांना न विचारता सांगावा. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवणे उत्तम.

हे आधी कळले तर रक्तपेढीला तयारी करता येते. प्लाझ्मा कमी करून त्याऐवजी विशिष्ट द्रावण वापरलेल्या प्लेटलेट देता येतात. फार तीव्र किंवा वारंवार त्रास होणाऱ्यांसाठी प्लेटलेट सलाईनने धुऊन देतात. मात्र धुताना काही प्लेटलेट वाया जातात, त्या काही तासांतच वापराव्या लागतात आणि ही सोय मोठ्या रक्तपेढ्यांतच असते. म्हणून आगाऊ सूचना हवी.

‘आधी एक ॲव्हिलचे इंजेक्शन द्या, म्हणजे काळजी नाही’ असे अनेकांना वाटते. परंतु सरसकट सर्वांना असे इंजेक्शन आधी दिल्याने त्रासाचे प्रमाण विशेष कमी होत नाही, असे अभ्यासांत आढळले आहे. ज्याला पूर्वी त्रास झाला आहे त्याच्याबाबत डॉक्टर निर्णय घेतील.

पिशवी चालू असताना

सुरुवातीची पंधरा मिनिटे महत्त्वाची. तेव्हा थेंब सावकाश सोडतात आणि रुग्णावर नजर ठेवतात. नातेवाइकांनी या वेळी रुग्णाजवळ थांबावे. घाईने थेंब वाढवू नयेत. खाज, गांधी, ओठ किंवा डोळे सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, छातीत घरघर, चक्कर यांपैकी काहीही दिसले की लगेच परिचारिकेला बोलवावे. पिशवी ताबडतोब थांबवतात, सुई मात्र काढत नाहीत. औषधे देण्यासाठी तीच शीर उपयोगी पडते. त्रास केवळ पित्ताचा असेल तर औषधाने तो शमल्यावर डॉक्टर तीच पिशवी सावकाश पुन्हा सुरू करू शकतात. श्वास अडकला किंवा रक्तदाब उतरला तर ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते, आणि ती पिशवी पुन्हा लावत नाहीत. उरलेली पिशवी फेकू नये. ती तपासणीसाठी रक्तपेढीकडे जाते. अशा घटनांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात २०१२ पासून सुरू आहे.

थोडक्यात, डेंग्यूच्या रुग्णाजवळ बसून केवळ आकडे मोजू नका. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, कोठूनही रक्त येणे, याकडे लक्ष द्या व डॉक्टरांना सांगा. पिशवी लावायची वेळ आलीच, तर ‘पूर्वी त्रास झाला होता का?’ या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवा.