धुराची गाळणी आणि आपला कापडाचा हुन्नर

१९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याने बॉयलर व भट्ट्या चालविणाऱ्या कारखानदारांवर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेण्याचे बंधन आले. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालच्या परिसरातील २९२ कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर जागा बदला, असा आदेश दिला. २०१९ साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात आपले सोलापूरही आहे. तात्पर्य, धूर गाळणाऱ्या यंत्रांची मागणी वाढत जाणार. सायझिंग व प्रोसेसवाल्या बंधूंना यात केवळ खर्च दिसतो. आम्हाला रोजीही दिसते.

ही यंत्रे मुख्यतः चार प्रकारची. सायक्लोन म्हणजे पत्र्याचे मोठे नरसाळे. धूर त्यात गोल फिरतो व जड कण भिंतीला लागून खाली पडतात. ते स्वस्त, पण बारीक कण निसटतात. स्क्रबर पाण्याच्या फवाऱ्याने आम्लधर्मी वायूही पकडतो, मात्र घाण पाण्याची सोय करावी लागते. विजेच्या भाराने कण ओढणारे यंत्र औष्णिक वीज केंद्रांसारख्या मोठ्या ठिकाणी बसते. चौथे बॅग फिल्टर. बारीक धुळीला ते उत्तम, आणि ते तर सरळ कापडाचेच काम आहे.

यात कापडी पिशव्या तारेच्या पिंजऱ्यावर चढवून टांगतात. धूर बाहेरून आत शिरतो, धूळ कापडावर अडते, आणि दाबाच्या हवेचा झटका दिला की खाली पडते. पिशव्या झिजतात, बदलाव्या लागतात. म्हणजे यंत्र एकदाच विकले जाते, पिशव्यांचे गिऱ्हाईक मात्र कायम राहते. १५ सेंटिमीटर व्यासाच्या, ३ मीटर लांब पिशवीला सुमारे १.४ चौरस मीटर कापड लागते; १०० पिशव्यांना १४०, शिलाईचा दाब वेगळा.

भाव सांगण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : धुराची उष्णता, ओलावा आणि इंधन. पॉलिस्टरचे फेल्ट, म्हणजे नमद्यासारखे जाड कापड, सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत चालते. पण ओलसर उष्णतेत त्याचा जीव लवकर जातो. सुमारे २०० अंशांपर्यंत अरामिड धाग्याचे कापड घ्यावे. शिलाईचा दोराही त्याच जातीचा हवा, नाहीतर कापड शाबूत राहून पिशवी उसवते. लाकूड जाळणाऱ्या बॉयलरची ठिणगी पिशवीला भोक पाडते, म्हणून अशा ठिकाणी आधी सायक्लोन बसवावा.

शिवणकाम, पत्राकाम, वेल्डिंग, तारेचे पिंजरे, हे सारे आपल्या कारागिरांच्या हातचे आहे. कारखान्यातून एक झिजलेली पिशवी मागून आणावी, उसवून पाहावी, तिथून शिकावे. हलके कापड भारी म्हणून देऊ नये. धूर ते लगेच उघडे पाडतो.

आणि कारखानदार बंधूंनो, तपासणीच्या दिवसापुरते यंत्र चालवू नका. आपल्या चिमणीची राख शेजाऱ्याच्या घरात आणि आपल्याच मुलांच्या छातीत जाते. शेजाऱ्याचा हक्क पाळणे हाही व्यापारातील इमानाचाच भाग आहे.