पाठदुखी, सायकल आणि अभ्यास



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३४ आणि ३५.

अर्जुन म्हणतो, मन फार चंचल आहे, त्याला आवरणं म्हणजे वाऱ्याला आवरण्यासारखं आहे. यावर भगवंत त्याला रागावत नाहीत. आधी मान्य करतात की मन आवरायला कठीणच आहे. मग उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य.

हे दोन्ही शब्द मी कितीतरी वेळा वाचले होते. कळले मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

मी ३४ वर्षांचा आहे आणि गेल्या महिन्यापर्यंत मला सायकल येत नव्हती. तेही पुण्यात राहून! लहानपणी पडलो, हात मोडला, विषय संपला. पुढे ऑफिसमधली मंडळी सायकलवरून कुठे निघाली की माझी पाठ दुखायची. दरवेळी नेमकी तेव्हाच.

मग सहा वर्षांच्या लेकीला सायकल आणली. ती म्हणाली, "बाबा, तूपण तुझी सायकल आण ना, आपण दोघं जाऊ." सवयीने बोलून गेलो, "बाबाची पाठ दुखते गं." तिने खेळणं सोडलं आणि इवल्याशा हातांनी माझी पाठ चेपायला लागली.

त्या रात्री जपाला बसलो, पण माळ पुढे सरकेना.

दुसऱ्या दिवशी सायकल दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. एक जुनी सायकल घेतली. काकांनी तिची दोन्ही पायडल काढली, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली केली आणि म्हणाले, "आधी नुसतं पायांनी ढकलत जायचं. चाकाकडे नाही, समोर बघायचं. आणि ज्या बाजूला पडताय, हँडल त्याच बाजूला वळवायचं."

माझा हात नेमका उलट वळायचा.

मला वाटायचं, तोल ही एकदा साधली की टिकणारी गोष्ट आहे. तसं नाही. सराईत माणसाची सायकलसुद्धा सतत जराशी कलत असते आणि हँडल तिला सतत सावरत असतं. हँडल घट्ट धरून अजिबात हलू दिलं नाही, तर पडणार हे नक्की.

मराठीत अभ्यास म्हटलं की आपल्याला परीक्षा आठवते. गीतेतला अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. एका माळेत मन वीस वेळा भरकटलं आणि वीस वेळा परत आणलं, तर ती माळ वाया गेली नाही. परत आणणं हाच तर अभ्यास!

आणि वैराग्य? मी पहाटे साडेपाचला शिकायचो, कोणी बघू नये म्हणून. कान सतत लिफ्टच्या आवाजाकडे. आठ दिवस काही जमलं नाही. शेवटी लेकीला सांगून टाकलं, "पाठ दुखत नव्हती गं. बाबाला सायकलच येत नाही." ती रागावेल वाटलं होतं. ती टाळ्या पिटत म्हणाली, "मग मी शिकवते!"

त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर सायकल काढली. दोनदा पडलो, बाल्कनीतून कोणीतरी हसलंही. पण लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून की काय, हँडलवरची मूठ आपोआप सैल झाली. त्याच आठवड्यात पायडल परत बसवली. मला वैराग्य कळलं ते एवढंच : 'लोक काय म्हणतील' याच्यावरची पकड सोडणं.

अजून वळताना पाय टेकतो. लेक पुढून ओरडते, "बाबा, समोर बघ!"

आजचा संकल्प : जपात मन भरकटलं तर स्वतःवर चिडायचं नाही, हळूच परत आणायचं. आणि आपली जी काही 'पाठदुखी' असेल, ती आज एका तरी माणसाला खरी सांगून टाकायची.

राम कृष्ण हरी!