शब्दबोध : ‘व्हेग’ म्हणजे मोघम

इंग्रजीतील ‘व्हेग’ हे विशेषण सरकारी पत्रव्यवहारात व फाइलींवरील शेऱ्यांत वारंवार आढळते. ‘व्हे’ दीर्घ उच्चारावा. शेवटची ‘यू’ व ‘ई’ ही अक्षरे उच्चारात येत नाहीत. भटकणारा या अर्थाच्या ‘वागुस’ या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. ‘व्हॅगबाँड’ म्हणजे भटक्या, हा त्याच कुळातला. ज्या बोलण्याचा अर्थ एका ठिकाणी स्थिर होत नाही, ते ‘व्हेग’.

शब्दकोशात त्याचा अर्थ ‘अस्पष्ट’ असा दिलेला असतो. परंतु अस्पष्टतेचे प्रकार अनेक आहेत. शिक्का नीट उमटला नाही तर तो पुसट. त्यासाठी ‘ब्लर्ड’ हा शब्द आहे. मजकूर समजण्यास कठीण असेल तर तो दुर्बोध, म्हणजे ‘ऑब्स्क्युअर’. वाक्याचे दोन अर्थ संभवत असतील तर ते संदिग्ध, म्हणजे ‘अँबिग्युअस’. ‘नरो वा कुंजरो वा’ हा त्यातला प्रकार. ‘व्हेग’ यांहून निराळा आहे. येथे अक्षर स्वच्छ असते, वाक्यही सोपे असते. मात्र किती, केव्हा, कोणी, कोठे हे ठरलेले नसते. यासाठी मराठीत ‘मोघम’ हा नेमका शब्द आहे.

हा भेद केवळ पंडिती नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २९ नुसार, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही व निश्चित करताही येत नाही, तो करार शून्य ठरतो. तेथील उदाहरणे बोधप्रद आहेत. शंभर टन ‘तेल’ विकण्याचा करार केला, पण कोणते तेल हे कशावरूनच कळत नसेल, तर करार टिकत नाही. विकणारा केवळ खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर त्याच्या धंद्यावरून अर्थ ठरतो व करार टिकतो. पांढरा घोडा ‘पाचशे किंवा हजार रुपयांस’ देण्याचा करार मात्र संदिग्ध म्हणून शून्य होय.

अर्जांचेही तसेच आहे. ‘आमच्या वाड्यावर पाण्याची फार गैरसोय आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी,’ असा अर्ज केल्यास ‘योग्य ती कारवाई करण्यात येत आहे’ असे उत्तर येते. अर्ज मोघम, उत्तरही मोघम. नळ मात्र कोरडाच राहतो. त्याऐवजी ‘देवळाजवळच्या नळाला १ मार्चपासून पाणी येत नाही, तो केव्हा दुरुस्त होईल ते कळवावे,’ असे लिहिल्यास मोघम उत्तर देणे अवघड होते. २००५ च्या माहितीचा अधिकार अधिनियमानुसारही अर्जात हव्या असलेल्या माहितीचा तपशील नमूद करावा लागतो.

तथापि मोघमपणा हा सर्वत्र दोषच असे नाही. करारात मुदत लिहिलेली नसल्यास तो ‘वाजवी मुदतीत’ पुरा करावा, असे त्याच अधिनियमाचे कलम ४६ सांगते. वाजवी म्हणजे किती, हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरते. येथे सैलपणा हेतुपूर्वक ठेवला आहे. शिक्षा सांगणाऱ्या कायद्यात तो चालत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-अ मधील ‘त्रास’, ‘गैरसोय’ अशा शब्दांना मर्यादा नसल्याने, इतर कारणांबरोबरच या मोघमपणामुळेही, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केले. कोणते कृत्य गुन्हा आहे, हे नागरिकाला आधी कळले पाहिजे.

वापराविषयी थोडे. ‘व्हेग रिप्लाय’ म्हणजे मोघम उत्तर. ‘व्हेग अॅलिगेशन्स’ म्हणजे मोघम आरोप. पण ‘व्हेग मेमरी’ला मराठीत अंधुक आठवणच म्हणावे. ‘आय हॅव नॉट द व्हेगेस्ट आयडिया’ याचा अर्थ ‘मला मुळीच कल्पना नाही’ असा होतो.

शिक्षकांनी ‘लवकर’, ‘बरेच’, ‘संबंधितांनी’ हे शब्द असलेली वाक्ये फळ्यावर लिहून, त्यांच्या जागी दिनांक, संख्या व हुद्दा घालून ती मुलांकडून पुन्हा लिहून घ्यावीत. उद्या अर्ज लिहिणारे हात तेच आहेत, आणि त्या अर्जांना उत्तरे देणारेही.