पडद्यावर उमटलेलं एक वाक्य

आठवीतली एक मुलगी सलग तिसऱ्या शनिवारी शाळेत आली नाही, म्हणून मी तिच्या वस्तीवर गेले. आई भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाई, काय झालंय कळंना. कम्प्युटरचा तास असला की हिच्या पोटात दुखतं." मला मात्र काय झालंय ते पक्कं ठाऊक होतं. ते माझ्याच तासाला घडलं होतं.

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात ४७ मुलं. संगणक कक्षात १४ संगणक, त्यातले चालू ९. कोरोनानंतर शाळा पुन्हा भरल्या तेव्हा मुलं वर्गात नुसती बसून राहायची. प्रश्न विचारला की माना खाली. त्यांना बोलतं करायचं म्हणून मी इंटरनेटवरची फुकट साधनं शोधू लागले. रात्री घरचं आवरलं की मोबाइल घेऊन बसायचे. पैसे पडत नाहीत तर वापरून बघायला काय हरकत आहे, इतकाच माझा विचार होता.

आधी हाती लागली ती घड्याळ लावलेली प्रश्नमंजूषा. पडद्यावर प्रश्न, उत्तराला वीस सेकंद, जो आधी बरोबर देईल त्याला जास्त गुण आणि दर प्रश्नानंतर पहिल्या पाचांची नावं. कक्ष दणाणून जायचा. मुख्याध्यापक दारात उभे राहून बघून गेले आणि शिक्षकांच्या सभेत त्यांनी माझं कौतुक केलं. मग घटक चाचणी झाली. 'बल व दाब' या धड्यावर मी विचारलं होतं, लोखंडी खिळा बुडतो तर लोखंडी जहाज का तरंगतं? शनिवारी ज्यांनी 'घनता' हा पर्याय दोन सेकंदांत दाबला होता, त्यातल्या बऱ्याच जणांनी 'घनतेमुळे' एवढा एकच शब्द लिहून पुढचा प्रश्न घेतला होता.

पुढच्या शनिवारी मी पडद्याकडे न बघता मुलांकडे बघत उभी राहिले. एका संगणकामागे पाच मुलं आणि माउस एक. तो ज्याच्या हातात होता त्याच्या हातातून तासभर सुटला नाही. दुसरा ओरडून उत्तर सांगत होता, तिसरा त्याच्यावर ओरडत होता. उरलेली दोन खिडकीबाहेर बघत होती. दर संगणकामागे दोन म्हणजे अठरा मुलं. मला ऐकू येत होता तो गलका बाकीच्यांचा होता.

या अठरांना बोलतं करायचं म्हणून मी इंटरनेटवरचा एक फलक आणला. एक दुवा उघडायचा, लिहायचं आणि लिहिलेलं लगेच सगळ्यांना पडद्यावर दिसतं. नाव न लिहिण्याची सोय होती. बुजरी मुलं नाव नसलं तर मोकळी होतील असं वाटून मी ती सोय चालू ठेवली. विषय पाण्याचा होता. प्रश्न लिहिला, 'तुमच्या घरी रोज पाणी कुठून येतं आणि किती लागतं?' भराभर चौकोन उमटू लागले. नळ, बोअर, टँकर, दोन बादल्या, एक टाकी. मी मागच्या रांगेत एका संगणकाचा कीबोर्ड बघत वाकले होते. हशा फुटला म्हणून वर बघितलं. पडद्यावर त्या मुलीचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'हिला विचारा, हिच्या घरी नळच नाही.'

मागच्या रांगेतून पुढच्या टेबलापर्यंत मला पोहोचायचं होतं. वाटेत मुलं, बाकं, वायरी. पोहोचल्यावर ते वाक्य कसं पुसायचं तेच सापडेना. शेवटी प्रोजेक्टरची वायर ओढली. तोवर सगळ्या वर्गानं ते दोनदा वाचलं होतं. ती मुलगी टेबलाच्या कडेवर नखानं रेघ ओढत बसली होती. मी काहीतरी रागावून बोलले, तास संपवला. कोणी लिहिलं ते पुढे कळलं नाही, आणि काही दिवसांनी मी शोधणंही सोडलं. दार मी उघडं टाकलं होतं. अशा फलकांवर बहुधा 'शिक्षकांनी मान्य केल्यावरच दिसेल' अशी सोय असते. ती चालू करायला मला एक मिनिटही लागलं नसतं. पण मी ते साधन मुलांच्या बाजूनं एकदाही वापरून बघितलं नव्हतं.

म्हणून सांगते, कुठलंही साधन वर्गात नेण्याआधी शाळेतल्या सगळ्यात रडक्या संगणकावर बसा, विद्यार्थी म्हणून त्यात शिरा आणि एखादं खोडकर पोर जे जे करील ते सगळं करून बघा. वाईटसाईट लिहा. दुसऱ्याच्या नावानं उत्तर द्या. मग शिक्षक म्हणून ते पुसून बघा, किती वेळ लागतो ते मोजा. बटणांवरचं इंग्रजी आपल्या मुलांना वाचता येतं का तेही तेव्हाच कळतं.

दुसरी चूक मी कोणाला दाखवली नव्हती, पण तिची मला जास्त भीती वाटते. एका साधनात वर्ग तयार करताना मी हजेरीपट शेजारी ठेवून ४७ मुलांची पूर्ण नावं, जन्मतारखा आणि पालकांचे मोबाइल नंबर भरले होते. कोणी सक्ती केली नव्हती. रकाने होते म्हणून भरले. नंतर एका पालकांनी सहज विचारलं, "बाई, आमचा नंबर तिथं कशाला लागतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे, आणि बालकाची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीशीर संमती हवी, असा त्याचा रोख आहे. मी ती नोंद पुसली. आता साधनात फक्त हजेरी क्रमांक जातो. कोणाचा क्रमांक कोणता, ते माझ्या वहीत राहतं. जिथे प्रत्येक मुलाला स्वतःचं खातं उघडावं लागतं, ते साधन मी वर्गात आणत नाही.

ती मुलगी परत आली ती कागदामुळे. प्लिकर्स नावाचं एक साधन आहे. त्यात मुलांच्या हातात काहीच यंत्र नसतं. प्रत्येकाला एक छापील कागद मिळतो, त्यावर काळी चौकोनी नक्षी असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरात चार पर्याय. जे उत्तर द्यायचं ती बाजू वर करून कागद धरायचा. शिक्षकानं आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणत्या क्रमांकानं काय उत्तर दिलं ते कळतं. प्रत्येक नक्षी वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून कागद फिरवणं अवघड. मोबाइल एकच लागतो, तोही माझा. घड्याळ नाही, पहिल्या पाचांची यादी नाही. आणि खिडकीकडे बघणाऱ्या मुलाच्या हातातही कागद असतो.

पण नुसता कागद पुरत नाही. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून एक पद्धत वापरत आले. प्रश्न विचारायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, बरोबर उत्तर सांगायचं नाही, शेजाऱ्याशी बोलायला लावायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. मी जहाजाचा प्रश्न असा विचारला. पहिल्या फेरीत जेमतेम तिसरा हिस्सा मुलं बरोबर होती. मी पडदा बंद ठेवला आणि म्हटलं, "आता शेजारच्याला पटवून द्या." वर्गात कुजबुज सुरू झाली. हा आवाज शनिवारच्या गलक्यापेक्षा कितीतरी हळू होता. मी बाकांमधून फिरत होते. ती मुलगी शेजारणीला सांगत होती, "अगं, रिकामा हंडा हौदात सोडला की तरंगतो ना? तिरका झाला, तोंडातून पाणी शिरलं की जातो खाली. हंडा तोच, पितळ तेच."

मी तिथेच थांबले. तिला उभं करून मोठ्यानं सांगायला लावायचा मोह झाला, पण आवरला. पुढच्या तासाला मीच घरून हंडा आणि टब नेला आणि विचारलं, कोण करून दाखवेल? चार-पाच हात वर झाले. त्यात तिचा होता.

हंड्यानंतर मी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातला घनतेचा आभासी प्रयोग दाखवला. नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प फुकट आहे. त्यातले अनेक प्रयोग मराठीत मिळतात आणि नव्या पद्धतीचे उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात. आमच्याकडे ऐन तासाला रेंज जाते, त्यामुळे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र आधी हंडा आणि मग पडदा, हा क्रम मी मोडत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. फुकटचं साधन कधी मिटेल याचा नेम नसतो. एडमोडो २०२२ मध्ये बंद झालं, गूगलचं जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस गेलं. माझे सगळे प्रश्न आता दोनशे पानी वहीत आहेत, धड्यावार, आणि मुलं कोणता पर्याय चुकून निवडतात ते समासात लिहिलेलं आहे. आणखी एक, प्लिकर्सचे कागद लॅमिनेट करू नका, उजेड चमकून कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. आम्ही ते जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर खळीनं चिकटवले. पुठ्ठे कापायला मुलं मधल्या सुट्टीत थांबली होती. दुसरं वर्ष चालू आहे, अजून एकही फाटलेला नाही.