आमदाराचं पत्रक उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या घरात वाचलं जावं म्हणून

ही कृती आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात बसून पत्रक तयार करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि स्वीय सहायकांसाठी आहे. विधिमंडळाची वर्षाला तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. प्रत्येक अधिवेशनानंतर एक पत्रक, चार पानांचं, एवढा नेम पुरेसा आहे. ते वाचून माणसाला पाच गोष्टी कळल्या पाहिजेत: काय बदललं, कोणासाठी, कधीपर्यंत, कुठल्या खिडकीवर, आणि सोबत काय न्यायचं. या पाचांतली एक जरी राहिली, तरी जीन्सच्या कारखान्यात रोजावर शिवणारी बाई अर्धा दिवस रांगेत उभी राहून रिकाम्या हाती परत येते आणि तिचा रोज बुडतो. म्हणून ज्याची पाच उत्तरं हाती नाहीत, तो मजकूर छापायला देऊ नका.

साहित्य: मतदार यादी, शासन निर्णयांच्या पूर्ण प्रती, विधानसभेत विचारलेल्या प्रश्नांची आणि मिळालेल्या उत्तरांची फाइल, आमदार निधीतल्या कामांची यादी, एक नोंदवही. आणि मराठी, हिंदी व सिंधी वाचणारी तीन माणसं.

आधी हद्द

उल्हासनगर महापालिकेचा परिसर एका आमदाराच्या वाट्याला आलेला नाही. तो उल्हासनगर (१४१), अंबरनाथ (१४०, अनुसूचित जातींसाठी राखीव) आणि कल्याण पूर्व (१४२) अशा तीन विधानसभा मतदारसंघांत विभागला आहे. शेजारचं बदलापूर मुरबाडमध्ये (१३९) येतं. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत उल्हासनगरमधून कुमार आयलानी, अंबरनाथमधून डॉ. बालाजी किणीकर, कल्याण पूर्वमधून सुलभा गायकवाड आणि मुरबाडमधून किसन कथोरे निवडून आले. त्यामुळे पत्त्यात ‘उल्हासनगर-५’ आणि ४२१००५ हा पिनकोड दिसला म्हणून घर आपल्या मतदारसंघातलं ठरवू नका. मतदार यादीतला भाग क्रमांक पाहा आणि त्यावरून वाटपाचा नकाशा काढा. इथले पत्ते मूळच्या लष्करी छावणीमुळे बॅरक नंबर आणि रूम नंबरने चालतात. नकाशावरही तेच लिहा, म्हणजे वाटणाऱ्या पोरांना घर सापडेल.

पहिल्या पानावर एक चौकट मात्र सगळ्यांसाठी ठेवा: नळ, गटार, कचरा, मालमत्ता कर यांसाठी महापालिकेचं प्रभाग कार्यालय, रेशनकार्डासाठी शिधावाटप कार्यालय, दाखल्यांसाठी सेतू आणि तहसील, विजेसाठी महावितरण, १९१२. खडी मशीन भागातल्या कचऱ्याच्या डम्पिंगचा धूर घरात येतो तेव्हा तक्रार कोणाकडे करायची, हेही त्यात हवं. शेजारच्या मतदारसंघातला माणूस कार्यालयात आला, तर त्याला त्याच्या आमदारांच्या कार्यालयाचा पत्ता द्या. परत पाठवू नका.

शासन निर्णय शेवटपर्यंत वाचणं

बातमीवरून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून मजकूर लिहू नका. शासनाच्या संकेतस्थळावरून पूर्ण शासन निर्णय (जीआर) उतरवा. वर विभाग, क्रमांक, दिनांक. मग ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’. मग प्रस्तावना आणि निर्णय. शेवटी संकेतांक आणि डिजिटल स्वाक्षरी. तो लांबलचक संकेतांक संकेतस्थळावर टाकून जीआर निघत नसेल, तर हातातला कागद बाजूला ठेवा.

‘वाचा’ खालची यादी टाळून पुढे जायची सवय अनेकांना असते, आणि घोळ तिथेच होतो. जुना निर्णय कोणता, तो कधी बदलला, हे त्या दोन-चार ओळींत असतं. लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घ्या. २८ जून २०२४ च्या निर्णयात वयाची अट २१ ते ६० होती आणि अधिवास दाखला मागितला होता. राज्यभर सेतू केंद्रांवर त्या दाखल्यासाठी झुंबड उडाली. ३ जुलैच्या सुधारित निर्णयात वय ६५ पर्यंत गेलं. अधिवास दाखला नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल असं ठरलं. पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाचा दाखला लागेनासा झाला. परराज्यात जन्मून इथे लग्न करून आलेल्या बाईसाठी नवऱ्याची कागदपत्रं ग्राह्य झाली. कॅम्प ५ मध्ये अशा किती घरांना या एका ओळीचा उपयोग होता! ती ओळ ‘योजनेस मुदतवाढ’ अशा मथळ्याखाली हरवू देऊ नये. पत्रकात ‘आधी’ आणि ‘आता’ असे दोन रकाने आखा आणि जे बदललं तेवढंच त्यात भरा.

एका योजनेला एक चौकट

मजकूर असा बसवा:

*महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. काय बदललं: उपचारांची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून ५ लाख रुपये. कोणासाठी: पिवळं, केशरी, पांढरं, सर्व रेशनकार्डधारक. कशासाठी: योजनेच्या यादीतल्या उपचारांसाठी, योजनेत असलेल्या रुग्णालयात. काय न्यायचं: रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ प्रती. कुठे: रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, पैसे भरण्याआधी. चौकशी: १५५३८८.*

‘पांढरं’ हा शब्द ठळक छापा. दुकान आहे, पांढरं कार्ड आहे, म्हणून आपल्याला काही मिळत नाही असं धरून बसलेली कुटुंबं या भागात पुष्कळ आहेत.

अशीच एक चौकट शपथपत्रांची करा. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या मुद्रांकाचे पाचशे झाले आणि दाखल्यांसाठीही पाचशेचा स्टॅम्प पेपर लागतो असा समज पसरला. जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांसाठीच्या शपथपत्रांवर मुद्रांक शुल्क माफ आहे. ही ओळ सेतूच्या दारापर्यंत पोचली, तर विद्यार्थ्यांचे पैसे वाचतील.

खिडकी स्वतः पाहून या

छापण्याआधी प्रत्येक पत्ता कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन तपासावा. मध्यवर्ती रुग्णालय आणि प्रांत कार्यालय कॅम्प ३ मध्ये आहेत. कॅम्प ५ च्या म्हाताऱ्या माणसाला रिक्षाभाडं खर्चून तिथे जावं लागतं. अंबरनाथच्या बाजूला राहणाऱ्यांना डॉ. बी. जी. छाया रुग्णालय जवळ पडतं. खिडकी कितवी, वेळ कोणती, जेवणाची सुट्टी कधी, झेरॉक्स जवळ कुठे मिळते, जिना चढावा लागतो का, एवढं वहीत उतरवा. तिथल्या लिपिकाला आपली चौकट दाखवा आणि ‘यात काही कमी आहे का?’ असं विचारा. त्यांच्यासमोर रोज रांग असते, म्हणून ते जे सांगतील ते जीआरमध्ये मिळत नाही.

पावसाळ्याचं पत्रक: इमारती

या शहरात जूनआधीच्या, म्हणजे अर्थसंकल्पी अधिवेशनानंतरच्या, पत्रकातली निम्मी जागा इमारतींना द्यावी. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. २८ मेच्या साईशक्ती दुर्घटनेत सात जणांचा जीव गेला. वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्या स्लॅबवर आणि तो त्याखालच्यावर पडतो, हा इथला नेहमीचा प्रकार आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे ३० वर्षांवरील इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं मालकाला आणि रहिवाशांना बंधनकारक आहे. नोटिशीवर जे अक्षर असतं त्याचा अर्थ लोकांना कोणी सांगत नाही, तो पत्रकात द्या: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे राहत्या लोकांसह दुरुस्त करायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

त्याखाली खुणा लिहा: बीमला किंवा कॉलमला तडा, गंजून फुगलेल्या सळ्या, सुटणारं प्लास्टर, एकाएकी अडकायला लागलेला दरवाजा. इमारत तीस वर्षांची नसली तरी यांतली एक जरी खूण दिसली की थांबू नका, असं स्पष्ट लिहा. घर गेलं तर हक्कही जाईल, या भीतीने लोक सी-१ इमारतीत राहतात. अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी उल्हासनगरपुरता २००६ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. त्याखाली आपल्या इमारतीचा अर्ज कुठवर आला आहे, हे विचारण्यासाठी आमदार कार्यालयात आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो वार छापा. या विषयावर सभागृहात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी लागली असेल, तर मंत्र्यांचं उत्तर जसंच्या तसं द्या, अर्धवट असलं तरी.

निधीचा हिशेब

आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी आहे. कामांच्या यादीत ‘मंजूर’ हा एकच शब्द वापरू नका. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यादेश, काम सुरू, काम पूर्ण: यांतली नेमकी पायरी लिहा, सोबत रक्कम आणि काम करणारी यंत्रणा. रखडलेलं काम यादीत राहू द्या.

भाषा आणि वाटप

मराठी मजकूर आधी पक्का करा, मग हिंदी. सिंधीसाठी मोठी माणसं अरबी लिपी वाचतात, त्यांच्या नातवंडांना देवनागरी सोपी जाते. निदान आरोग्य आणि इमारतींच्या चौकटी दोन्ही लिप्यांत हव्यात. अक्षर मोठं ठेवा. आमदारांचा फोटो एक पुरे, मोकळी झालेली जागा पत्त्यांना द्या.

रेशन दुकान, अंगणवाडी, सोसायटीचा फळा, विठ्ठलवाडी आणि अंबरनाथ स्थानकांकडे जाणारे रिक्षा थांबे, कारखान्यांची संध्याकाळची सुटी: वाटप इथे. व्हॉट्सॲपवर फोटोऐवजी टाइप केलेला मजकूर पाठवा, वर तारीख आणि अंक क्रमांक घालून. आधारचे फोटो किंवा ओटीपी कार्यालय कधीच मागत नाही, हे प्रत्येक संदेशाच्या तळाशी असू द्या. लाभार्थ्यांची नावं छापू नका. आचारसंहिता लागली की वाटप थांबवा. निवडणुकीच्या पत्रकाचे नियम वेगळे आहेत, त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असावा लागतो.

काम अडलं तर

शेवटच्या पानावर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ द्या. अर्जाची पोच घ्यायची. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, मग दुसरं, मग आयोगाकडे. विनाकारण दिरंगाई करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलाचा नमुना अर्ज कार्यालयात ठेवा आणि भरायला मदत करा.

पत्रक वाटल्यानंतरचे पंधरा दिवस नोंदवही उघडी ठेवा. कोण आलं ते नको. कुठल्या चौकटीमुळे आलं, खिडकीवर काय उत्तर मिळालं, कुठला कागद जास्तीचा मागितला, एवढं लिहा. तोच कागद अनेकांना मागितला गेला असेल, तर त्या कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर पुढच्या अंकात छापा. आपली चूक निघाली तर दुरुस्ती पहिल्या पानावर, मूळ मजकुराएवढ्याच अक्षरात. आणि नवा अंक लावायला जाणाऱ्याच्या हाती जुना अंक जिथे लावला त्या जागांची यादी द्या, म्हणजे मुदत संपलेलं पत्रक तो प्रत्येक फळ्यावरून काढून आणेल.